तोंडात धरते, पण गिळत नाही

वाचकाचं पत्र: "आमच्याकडे केशर नावाची कॉर्न स्नेक मादी आहे. अगदी पिल्लू असताना आणली, आता १६ वर्षांची आहे, लांबी साधारण १२० सेंटिमीटर. आम्ही सांगलीत विश्रामबागेत राहतो. दर दहा-बारा दिवसांनी एक मोठा उंदीर ती बिनतक्रार खायची. दिवाळीपासून बिनसलंय. उंदीर पुढे धरला की जीभ लवलवत जवळ येते, पकडते, दोन-तीनदा जबडा हलवते आणि टाकून मागे सरकते. अडीच महिन्यांत एकदाच गिळला, तोही तिसऱ्या दिवशी जवळजवळ आख्खा बाहेर आला. त्याला आज बारा दिवस झाले. वजन ६४० ग्रॅमवरून ५६५ वर आलंय. पेटीच्या काचेला चिकटवलेलं तापमापक २७ अंश दाखवतं. सासूबाई म्हणतात, वय झालं तिचं, हळद घालून दूध द्या. भावाचा मित्र म्हणतो, तोंड उघडून चिकनचे बारीक तुकडे आत सारा. मला दोन्ही पटत नाही, पण नुसतं बघत बसवतही नाही. काय करू?"

ताई, तुम्ही फार नीट पाहिलंय आणि नेमकं लिहिलंय. 'जवळ येते, पकडते आणि टाकून देते' या एका वाक्यातच निम्मं उत्तर आहे.

भूक मेलेला साप असं करत नाही. त्याच्यापुढे उंदीर धरला तर तो तोंड फिरवतो, आडोशाला जाऊन बसतो किंवा नुसता ताठ होऊन बघत राहतो. केशर जीभ लवलवत पुढे येते, म्हणजे तिची भूक शाबूत आहे. तिला खायचंय, पण खाता येत नाहीये. 'खात नाही' आणि 'खाता येत नाही' या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिलीत भूक का गेली हे शोधायचं, दुसरीत वाटेत अडलंय कुठे ते. तुमच्याकडे दुसरी तक्रार आहे आणि तिच्या जोडीला उलटीची तिसरी.

वयाचं म्हणाल तर नीट सांभाळलेली कॉर्न स्नेक पंधरा ते वीस वर्षं जगते. त्या हिशेबानं केशर म्हातारी आहेच. पण नुसत्या वयानं खाणं थांबत नाही. वयामुळे हिरड्या, मूत्रपिंडं आणि पचन कमजोर होतं, आणि तरुणपणी खपून गेलेली पेटीतली एखादी चूक आता खपत नाही. 'वय झालं' म्हणून सोडून दिलं की बरा होणारा आजारही राहून जातो.

आधी तोंड बघू. साप घास चावून खात नाही, तो भक्ष्यावरून जबडा 'चालवत' नेतो. वरच्या बाजूला दातांच्या चार ओळी, खाली दोन, सगळे दात मागे वळलेले. उजवी बाजू पुढे सरकते तेव्हा डावी धरून ठेवते, मग डावी सरकते. एक मोठा उंदीर आत जाईपर्यंत अशी पावलं कितीतरी पडतात, आणि प्रत्येक पावलाला दात भक्ष्यात रुततात. हिरडी सुजलेली असेल तर पहिल्या दोन-तीन पावलांतच कळ येते आणि उंदीर सुटतो. केशर नेमकं तेच करतेय.

तोंड उघडायची गरज नाही. तिला मांडीवर सैल राहू द्या, डोक्यामागे अलगद आधार द्या आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं खालचा ओठ बाहेरून जरासा खाली ओढा, मग वरचा वर. हे खिडकीच्या उजेडात करा. निरोगी हिरडी फिकट गुलाबी, एकसारखी आणि ओलसर दिसते. लाल ठिपके, एका बाजूची सूज, ओठ नीट न मिटणं, दोरीसारखी ताणली जाणारी चिकट लाळ, किंवा दातांच्या कडेला पिवळसर पांढरा चुरा दिसला तर तोंड सडायला लागलंय असं समजा. हा चुरा म्हणजे पू. सापाचा पू आपल्यासारखा वाहत नाही, पनीरच्या चुऱ्यासारखा घट्ट बसतो. म्हणूनच नुसत्या औषधानं तो जात नाही, डॉक्टरांना तो काढून जागा साफ करावी लागते. घरी टूथपिकनं किंवा सुईनं खरवडू नका, खालचं हाड दुखावतं.

तोंड बघताना डोळ्यांकडेही नजर टाका. दोन्ही डोळे एकदम दुधाळ झाले असतील तर ती कात टाकणार आहे. त्या आठवड्यात न खाणं ही काळजीची गोष्ट नाही. पण कात टाकून झाल्यावरही एका डोळ्यावर सुरकुतलेली चकती राहिली असेल तर जुन्या कातेचा तुकडा अडकलाय. म्हाताऱ्या सापात हे वारंवार होतं. चिमट्यानं ओढलात तर डोळा जाईल. दमट कापडाच्या पिशवीत अर्धा तास ठेवा, नाहीतर पुढच्या कातेबरोबर निघेल याची वाट बघा.

आता उलटी. इथे आमचा पहिला संशय तुमच्या तापमापकावर आहे. काचेला चिकटवलेली चकती काचेचं आणि तिथल्या हवेचं तापमान सांगते. केशर जिथे पोट टेकून बसते तिथलं नाही. जानेवारीत सांगलीत पहाटे पारा १२-१४ अंशांपर्यंत उतरतो, खोलीही गारठते, आणि दुपारी २७ दाखवणारी पेटी पहाटे चारला २० च्या खाली गेलेली असते. सापाच्या पोटातली उष्णता बाहेरूनच येते. ती कमी पडली की पाचकरस काम करत नाहीत, उंदीर पोटातच कुजायला लागतो आणि साप तो बाहेर टाकतो. तिसऱ्या दिवशी जवळजवळ आख्खा बाहेर आला, याचा अर्थ पचन सुरूच झालं नव्हतं.

लांब वायर असलेलं डिजिटल तापमापक आणा, तीन-चारशे रुपयांत मिळतं. त्याचं टोक गरम बाजूच्या आडोशाखाली, जमिनीला टेकून ठेवा. तिथे दिवसरात्र ३० ते ३२ अंश हवेत. तसंच दुसरं तापमापक थंड बाजूला, तिथे २३ ते २५. तरुण सापाला रात्री थोडा गारवा चालतो, केशरला सध्या नको. हीट मॅट (पेटीखाली घालायची, विजेवर तापणारी चटई) असेल तर ती थर्मोस्टॅटवरच (तापमान आपोआप राखणाऱ्या उपकरणावरच) चालवा आणि थर्मोस्टॅटचं टोक मॅट आणि पेटीचा तळ यांच्या मध्ये घट्ट बसवा. टोक निसटून हवेत लोंबकळलं की मॅट तापतच राहते. म्हाताऱ्या सापाला खालून भाजतंय हे उशिरा कळतं, पोटावरचे खवले तपकिरी पडेपर्यंत तो तिथून हलत नाही. पेटीच्या मागच्या आणि दोन बाजूच्या काचांना बाहेरून थर्माकोल लावला तर पहाटेचा उतार बराच कमी होतो. वीज गेली तर गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून गरम बाजूला ठेवा. उघडी बाटली ठेवू नका.

पेटीत आणखी थोडे बदल करा. भुसा किंवा नारळाचा चुरा काढून साधा कागद अंथरा, म्हणजे विष्ठा, उलटी, रक्ताचा ठिपका लगेच दिसेल. चढायची उंच फांदी काढा. पाण्याचं भांडं उथळ आणि जड हवं. त्या खोलीत मच्छरची कॉईल, मशीन किंवा झुरळांचा फवारा नको, त्यातली कीटकनाशकं सापाला बाधतात. डांबराच्या गोळ्याही दुसऱ्या खोलीत हलवा.

हे सगळं आजच करा, आणि पुढचे आठ दिवस खायला काहीही दाखवू नका. आम्हाला माहीत आहे, ऐकायला हे कठीण आहे. अडीच महिन्यांच्या उपाशी जिवाला अजून उपाशी ठेवायचं? पण उलटीत पोटातलं आम्ल आणि पचनाला लागणारे जंतू दोन्ही बाहेर जातात, अन्ननलिका आतून सोलवटते. ते भरून यायला किमान १४ दिवस लागतात. बारा झालेत. घाईनं दिलेला दुसरा उंदीरही बाहेर आला तर नुकसान दुप्पट. दोन-तीन उलट्या ओळीनं झाल्या की म्हातारा साप सावरणं फार अवघड होतं.

या आठ दिवसांत पाणी द्या. वजन उतरलेल्या सापात बहुतेक वेळा पाणीही कमी झालेलं असतं. अंगावरची कातडी बोटांनी हलकेच उचलून सोडा. घडी तशीच राहिली, डोळे खोल गेलेले दिसले किंवा विष्ठेतला पांढरा भाग खडूसारखा टणक आला तर पाणी कमी आहे. झाकणाला भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या टबात २८ ते ३० अंशांचं पाणी घ्या, तिच्या अंगाच्या निम्म्या जाडीपर्यंतच. मनगटावर घेतलं तर ना गार ना गरम लागेल असं. तळाशी ओला नॅपकिन टाका, म्हणजे तिला पकड मिळते. पंधरा मिनिटं, एक दिवसाआड. समोरून उठू नका, अशक्त साप बोटभर पाण्यातही डोकं वर धरू शकला नाही तर बुडतो. नंतर कोरडी पुसून थेट गरम बाजूला.

याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या. सांगलीतले बहुतेक पशुवैद्य गायी-म्हशी आणि कुत्री-मांजरं बघतात, पण एक्स-रे, विष्ठेची तपासणी आणि इंजेक्शन ते करू शकतात. सरपटणाऱ्या प्राण्यांची सवय असलेला डॉक्टर हवा असेल तर सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे किंवा पुण्यात आधी फोन करून 'साप बघणारे कोण आहेत आणि कोणत्या दिवशी असतात' हे विचारूनच निघा. विष्ठा मिळाली तर घट्ट झाकणाच्या डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको, आणि चोवीस तासांच्या आत पोचवा. प्रवासात केशर सुती पिशवीत, पिशवी भोकं पाडलेल्या डब्यात, डबा थर्माकोलच्या खोक्यात, आणि खोक्याच्या एका कोपऱ्यात टॉवेलात गुंडाळलेली कोमट बाटली. आत २६ ते २८ अंश राहिले तर उत्तम. चहाला थांबलात तर तिला बंद गाडीत ठेवून जाऊ नका, जानेवारीतही.

जाण्याआधी तिला टेपनं मोजून मनातल्या मनात तीन सारखे भाग करा, तुमच्या मापानं चाळीस-चाळीस सेंटिमीटर. पहिल्या भागात अन्ननलिका, श्वासनलिका आणि हृदय. मधल्या भागात फुप्फुस, यकृत आणि जठर. शेवटच्या भागात आतडी, अंडाशय आणि मूत्रपिंडं. पोटाखालून बोटं हलकेच सरकवत जा आणि कुठे गाठ, फुगवटा किंवा मण्यांच्या माळेसारखं लागतं का ते बघून नाकापासूनचं अंतर लिहून ठेवा. डॉक्टरांना या एका आकड्याचा खूप उपयोग होतो. मधल्या भागात, पोट रिकामं असूनही, कायम फुगवटा आणि सोबत उलट्या असतील तर क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीची शंका घ्यावी लागते. त्यानं जठराची भिंत जाड होत जाते. त्यावर खात्रीचा इलाज नाही, म्हणून निदान लवकर व्हायला हवं. घरात दुसरा साप असेल तर दोघांचे चिमटे, भांडी वेगळी ठेवा. शेवटच्या भागात टणक मणी लागले तर अडकलेली अंडी असू शकतात. मादी नराशिवायही फोल अंडी धरते. अगदी मागे कडक गोळा लागला तर साठलेली विष्ठा किंवा मूत्रपिंडाची सूज. तुमच्या पत्रावरून आम्हाला तोंड आणि तापमान ही दोन कारणं जास्त वाटतात, पण सोळाव्या वर्षी एक्स-रे काढल्याशिवाय बाकीची कारणं सोडून देऊ नयेत.

सापांची सवय नसलेले डॉक्टर असतील तर तीन गोष्टी नम्रपणे विचारा. इंजेक्शन शरीराच्या पुढच्या अर्ध्या भागात देणार ना? मागच्या भागातलं रक्त आधी मूत्रपिंडातून फिरतं, तिथे दिलेलं काही औषध वाया जातं आणि काही मूत्रपिंडांना इजा करतं. दुसरं, दोन डोसांत अंतर किती? सापाचं शरीर औषध सावकाश बाहेर टाकतं, त्यामुळे काही प्रतिजैविकं दर तिसऱ्या दिवशी देतात. कुत्र्याच्या हिशेबानं रोज दिली तर ती साठत जातात. तिसरं, औषधाआधी पाणी भरून काढणार का? सुकलेल्या मूत्रपिंडांवर औषधाचा भार नको. आपल्या घरातली पॅरासिटामॉलची गोळी किंवा व्हिटॅमिनचं इंजेक्शन मनानं अजिबात देऊ नका.

कायद्याचा विषयही दवाखान्यात निघतो, म्हणून दोन ओळी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडचे नाग, धामण, अजगर घरात पाळणं गुन्हा आहे. कॉर्न स्नेक मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, त्यामुळे त्यात तो येत नाही. बॉल पायथनसारख्या, आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या यादीतल्या जाती मात्र २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदवाव्या लागतात. केशरच्या खरेदीची पावती असेल तर सोबत ठेवा.

डॉक्टरांनी तोंड साफ करून हिरवा कंदील दाखवला, तापमान आठवडाभर स्थिर राहिलं, की मग खाणं. आणि मोठा उंदीर आता विसरा. उंदराच्या पिल्लांना पाळणाऱ्यांत ठरलेली नावं आहेत. अंगावर केस नसलेली गुलाबी ती पिंकी, दोन-तीन ग्रॅमची. बारीक लव आलेली ती फझी, चार-पाच ग्रॅमची. डोळे उघडून उड्या मारायला लागलेली ती हॉपर, आठ ते बारा ग्रॅमची. केशरचं पहिलं जेवण म्हणजे एकच फझी, पाच ग्रॅम. तिच्या वजनाच्या एक टक्क्याहूनही कमी. फझीत जबड्याला पावलं कमी पडतात, हाडं मऊ असतात आणि पोटावर भार येत नाही. शिवाय फार दिवसांच्या उपासानंतर एकदम भरपूर अन्न गेलं तर रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम झपाट्यानं पेशींत ओढलं जातं आणि जीव धोक्यात येतो. 'आज खातेय तर दोन-तीन देऊन टाकू' असं मनात आलं तरी करू नका.

गोठवलेली फझी रात्री हवाबंद डब्यात फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवा. संध्याकाळी ती झिपच्या पिशवीत घालून हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४० ते ४५ अंशांच्या, वीस मिनिटं बुडवा. उकळतं पाणी नको, मायक्रोवेव्ह नको, दोन्हीत पोट फुटतं आणि मांस बाहेरून शिजतं. बाहेर काढून पोट बोटांत दाबून बघा, मध्ये गार गोळा लागला तर अजून दहा मिनिटं ठेवा. आत बर्फ राहिलेला उंदीर हेही उलटीचं एक कारण असतं. मग टिश्यूनं पुसा आणि नाकाकडची बाजू कोमट पाण्यात बुडवून ओली करा, म्हणजे घसरत आत जाते. तीस सेंटिमीटर लांबीच्या चिमट्यानं कमरेपाशी धरा, डोकं केशरकडे. दिवा मंद, घर शांत, अंधार पडल्यानंतरची वेळ. तिच्या तोंडासमोर नाचवू नका, जमिनीलगत सावकाश सरकवा. म्हाताऱ्या सापाची झेप चुकते, चुकली की तो बिचकतो. घेतली नाही तर फझीच्या कवटीला सुईनं एक टोचा द्या, मेंदूचा वास भूक चाळवतो. तरीही नाही, तर आडोशाच्या तोंडाशी ठेवून पेटीवर कापड टाका आणि सकाळी उचला. शिळी फझी पुन्हा गोठवू नका.

गिळली की तीन दिवस तिला हात लावायचा नाही. पाणी बदलायला गेलात तरी तिला हलवायचं नाही. सात दिवसांत उलटी नाही झाली तर पुन्हा एक फझी, पुढच्या आठवड्यात दोन, एकीमागून दुसरी. पाचव्या आठवड्यापासून एक हॉपर. पुढे कायमसाठी दर आठ-दहा दिवसांनी एक किंवा दोन हॉपर, बस. एका मोठ्या उंदराऐवजी दोन लहान, हा तिचा आता नेहमीचा नेम राहू द्या. फझी मिळत नसेल तर पाळीव लाव्याचं अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू, सात-आठ ग्रॅमचं, बदल म्हणून चालतं.

जिवंत उंदीर तिला यापुढे देऊ नका. तो उलट चावतो आणि ती आता पटकन मागे होऊ शकत नाही. घरातला किंवा शेतातला पकडलेला उंदीर तर नकोच. आपल्याकडे हळदीच्या गोदामांतून, उसाच्या फडांतून झिंक फॉस्फाईडसारखी विषं टाकलेली असतात. मेलेल्या उंदराबरोबर ते विष केशरच्या पोटात जाईल.

चिकनच्या तुकड्यांबद्दल तुमचं मन बरोबर सांगतंय. नुसत्या मांसात हाडं नाहीत, यकृत नाही, म्हणजे कॅल्शियम आणि बरीच जीवनसत्त्वं नाहीत. पण खरा धोका सारण्यात आहे. सापाच्या श्वासनलिकेचं तोंड खालच्या जबड्यात अगदी पुढे असतं, उघडझाप करणारी एक बारीक फट. तुकडा किंवा त्याचं पाणी त्यात गेलं की न्यूमोनिया. सुजलेल्या हिरडीवर जबडा फाकवला तर दात मोडतात. शिवाय जोर करून तोंड उघडलेला साप पुढे कित्येक दिवस माणसाचा हात दिसला की आक्रसतो, आपणहून खाणं आणखी लांबतं. वजन ५२० च्या खाली गेलं, किंवा तोंड बरं होऊन तीन आठवडे झाले तरी ती आपणहून खात नसेल, तर नळीनं पातळ अन्न देण्याचा विचार करावा. पहिल्यांदा ते डॉक्टरांच्याच हातून होऊ द्या. नळी किती लांब जाते, किती मिली द्यायचं, हे त्यांच्यासमोर शिकून घ्या.

दुधाचं सासूबाई मायेनं सांगताहेत, त्यांना दुखवू नका. बत्तीस शिराळा आपल्याच जिल्ह्यातलं, नागाची पूजा बघतच त्यांचं आयुष्य गेलं असेल. पण सापाचं अन्न दूध नाही. नागपंचमीला जे नाग दूध 'पिताना' दिसायचे त्यांना गारुड्यांनी आधी कित्येक दिवस तहानलेलं ठेवलेलं असायचं. तशा अवस्थेत तो समोर येईल ते पितो. सापाला दूध पचत नाही, जुलाब लागतात आणि असलेलं पाणीही निघून जातं. हळदीनं तोंडातला घट्ट पू निघत नाही. सासूबाईंना काही करावंसं वाटत असेल तर रोज सकाळी भांड्यातलं पाणी बदलायचं काम त्यांना द्या. मात्र भांडं स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवू नका आणि प्रत्येक वेळी साबणानं हात धुवा. सापाच्या अंगावर साल्मोनेला जंतू असतात, वयस्कर माणसांना आणि लहान मुलांना त्याची बाधा लवकर होते.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्राच्या शेवटी ते जाणवतं, म्हणून लिहितो. कदाचित एक्स-रेमध्ये बरं न होणारं काही निघेल. पाठीवर उताणी ठेवली तरी ती अंग सरळ करत नसेल, तोंड उघडंच राहत असेल, जिभेची हालचाल थांबली असेल, वजन उतरतच असेल, तर तिला त्रासातून सोडवणं हे प्रेमाचंच काम आहे. ते डॉक्टरांनी भुलीच्या इंजेक्शननं करायचं. फ्रीझरमध्ये ठेवलं की साप शांतपणे झोपी जातो असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, गोठताना त्याला वेदना होतात. पण आज केशर जीभ काढत तुमच्या हाताकडे येतेय. त्या टप्प्यापासून ती लांब आहे.

एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघराचा काटा तिच्यासाठी वेगळा घ्या. दर रविवारी सकाळी, जेवणाआधी, झाकणाच्या डब्यात ठेवून वजन करा. वहीत चार रकाने आखा: वजन, पहाटेचं गरम बाजूचं तापमान, काय खाल्लं, विष्ठा कधी आणि कशी झाली. उद्या पहाटे पाचचा गजर लावा आणि तापमापकावरचा पहिला आकडा लिहा. चार रविवारांचे आकडे झाले, की हिरडीच्या फोटोसह आम्हाला पाठवा. एप्रिलच्या उन्हाळ्याचं तेव्हा बोलू, कारण पेटी ३४ च्या वर गेली तरी ती खाणं सोडेल.